नमुना सतरा

तोलायला ठेवला की काट्याला कळत नाही
पारड्यात काही आहे, की खिडकी उघडी राहिलीय.
बर्चच्या लगद्याचा हा ठोकळा,
काडेपेटीएवढा,
शंभरातले नव्याण्णव भाग हवा.
उरलेल्या एका भागावर माझा पगार चालतो.

कागदाची गिरणी बंद पडली त्याला नऊ हिवाळे झाले.
वाळवणीचा लांब हॉल तेवढा पाडला नाही.
तिथे आता आम्ही चौघं,
एक दाबयंत्र, आणि तळ्याकडून येणारा वारा.
लगदा तांब्याच्या पत्र्यावर ओततो,
खालून गोठवतो. बर्फाच्या सुया
वर चढत जातात, तंतूंना कडेला रेटत.
मग निर्वातात बर्फ निघून जातो, पाणी न होताच,
भाडेकरू न सांगता खोली सोडतो तसा.
भिंती राहतात. त्याच्या मापाच्या.

आज तीस नमुने.
सुयांच्या दिशेने दाबले की ताठ,
आडवे दाबले की सायीसारखे.
पडद्यावर रेघ आधी सरळ चढते,
मग आतल्या भिंती वाकायला लागतात,
आवाज नाही काही,
आणि रेघ आडवी होते. लांबच लांब पठार.
दाबत जा, दाबत जा, जोर जवळपास तेवढाच.
शेवटी भिंत भिंतीला टेकते,
आत जागाच उरत नाही,
तेव्हा रेघ एकदम उभी राहते
चिडलेल्या मांजराच्या शेपटीसारखी.

वाळूपासून केलेले फेसही मी दाबलेत,
मोडेन पण वाकणार नाही या जातीचे.
त्यांचं पीठ झाडून काढावं लागतं.

हा वाकतो. आणि एवढा दाबूनही बाजूला फुगत नाही.
रबर फुगतं, कणीक फुगते, माणूस तर फुगतोच,
आपल्यावरचा भार शेजाऱ्याच्या बरगडीत ढकलतो.
याच्या शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही.
अहवालात मी हे आकड्याने लिहिते:
शून्याच्या जवळ.

तीन वाजता अंधार पडला तेव्हा ताइस्तो आला,
बुटांचा बर्फ उंबऱ्यावर आपटत.
तिसऱ्या मशीनवर एकोणचाळीस वर्षं
ओला कागद अंगठ्याने जोखलेला माणूस.
"मापकं लबाड असतात, हिल्पा,"
आणि मी नको म्हणायच्या आत
त्याचा अंगठा सतराव्या नमुन्यात.

"हे तर काहीच नाही," म्हणाला.
मग, अंगठा न काढता,
"पण परत ढकलतंय."

कॉफी ओतली. त्याने कप हातातच धरून ठेवला.
आउलिक्की आता कूस बदलत नाही, म्हणाला.
रात्री चार वेळा तोच बदलतो, घड्याळ लावून.
तिच्या माकडहाडाखाली हे ठेवलं तर?

मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.
एका रात्रीचा भार घेईल, म्हटलं.
शंभर रात्रींचं माहीत नाही.
भार न उचलता तसाच राहिला
तर हा केसाकेसाने खचतो,
घामाची ओल लागली तर जास्तच.
त्या कपाटात एक लावून ठेवलाय,
किलोभर पोलादाखाली. आज बेचाळिसावा दिवस.

"बेचाळीसच?"
तो म्हणाला, आणि कॉफीत साखर घातली,
जी तो घालत नाही.

तो गेल्यावर मी सतरावर थेंब थेंब पाणी सोडलं.
तंतू पाणी प्यायले, खळगा हळूहळू वर आला.
सगळा नाही.
नखाची कोर तेवढी राहिली.

नोंदवहीत: नमुना सतरा, बाद.
कारणाच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं.
बाहेर बर्फ काढणारी गाडी दोनदा जाऊन आली.
मग लिहिलं:
अंगठा.